घंटानादाचे व्रत : डेव्हनशायरच्या घंटासेवकांचे एक वर्ष

देवघरातील लहानशी घंटा किणकिणल्यावाचून आपल्याकडे पूजेला आरंभ होत नाही. देवळाच्या पायरीवर पाऊल टाकताच भाविकाचा हात आपसूक घंटेकडे वळतो. भीमाशंकराच्या देवळातील मोठ्या घंटेवर १७२९ हे इसवी सनाचे साल कोरलेले आहे. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई सर केल्यावर तिकडून आणलेल्या घंटांपैकी ती एक, असे परंपरा सांगते. एके काळी ख्रिस्ती प्रार्थनेला साद घालणारा तो नाद आज शंकरासमोर तितक्याच गांभीर्याने घुमतो. मग ख्रिस्ती समाजात घंटेची सेवा होते तरी कशी, हे कुतूहल साहजिक होय. त्या सेवेचा एक विलक्षण प्रकार इंग्लंडमध्ये सुमारे चार शतके चालत आला आहे.

तेथील मनोऱ्यात प्रत्येक घंटा एका मोठ्या चाकाला जोडलेली असते. दोर ओढताच ती पूर्ण फेरी घेते आणि पुन्हा तोंड वर करून उभी राहते. एका माणसाच्या हाती एकच दोर. त्यामुळे एकट्याने काहीच साधत नाही. सहा किंवा आठ जणांनी वर्तुळात उभे राहून, एकमेकांकडे लक्ष ठेवून नाद घडवावयाचा असतो. त्यात गाण्याची चाल नसते, असतो तो क्रमाचा पालट. प्रत्येक फेरीत घंटा फार तर एक जागा पुढे वा मागे सरकते, आणि एकदा येऊन गेलेला क्रम पुन्हा येता कामा नये. सहा घंटांचे असे ७२० क्रम होतात, सातांचे ५,०४०, तर आठांचे ४०,३२०! पुढ्यात कागद न ठेवता सारे मुखोद्गत. आपल्या वेदपाठकांचे जटापाठ आणि घनपाठ येथे कोणाला आठवल्यास नवल नाही. १९६३ च्या जुलैमध्ये लफबरो येथे आठ जणांनी ४०,३२० क्रम सुमारे अठरा तासांत, मध्ये कोणाचाही हात न बदलता, पूर्ण केले. पुण्याच्या गुरुवार पेठेतील पवित्र नाम देवालयाच्या मनोऱ्यातही इंग्लंडहून आलेल्या आठ घंटा आहेत.

या कलेला एके काळी अवकळा आली होती. एकोणिसाव्या शतकात अनेक घंटाघरांत बिअरची पिंपे आणि पैजा यांचेच राज्य होते. डेव्हनमधील क्लिस्ट सेंट जॉर्ज येथील धर्मगुरू एलाकोम यांच्यासारख्यांनी सुधारणेचा ध्यास घेतला, आणि त्याच लाटेत १८७४ मध्ये ‘गिल्ड ऑफ डेव्हनशायर रिंगर्स’ हे मंडळ स्थापन झाले. घंटावादन ही करमणूक नसून ईश्वरसेवा आहे, ही जाणीव त्या लाटेने पुन्हा रुजविली.

अशा मंडळाचे वर्ष उजाडते ते मध्यरात्री. सरत्या वर्षाला निरोप देताना अनेक मनोऱ्यांत लोलकाच्या एका बाजूस चामड्याची गादी बांधतात; त्यामुळे एक टोला खणखणीत तर दुसरा दुरून आल्यासारखा उमटतो. बारा वाजता गाद्या निघतात आणि मोकळ्या नादात नवे वर्ष येते. ईस्टरपूर्वीच्या पवित्र सप्ताहात पुष्कळ ठिकाणी घंटा मौन पाळतात. ईस्टरच्या सकाळी ते मौन सुटते. पुढे वार्षिक सभा, प्रार्थना आणि चहापान; अचूक टोल्यांच्या स्पर्धा; उन्हाळ्यात गावोगावच्या मनोऱ्यांची यात्रा. लग्नसराईत थोडी बिदागी मिळते, रविवारची सेवा मात्र निष्काम. शरदात सुगीचा उत्सव, नोव्हेंबरात युद्धातील हुतात्म्यांचे स्मरण आणि अखेरीस नाताळ. यांखेरीज आठवड्यातून एक संध्याकाळ सरावाची, ती सहसा चुकत नाही.

ही निष्ठा सहज टिकलेली नाही. १९४० च्या जूनमध्ये शत्रूच्या आक्रमणाची खूण म्हणून घंटा राखून ठेवल्याने एरवीचा नाद थांबला. बंदी उठली ती १९४३ मध्ये. पहिल्या महायुद्धात सुमारे १,४०० घंटावादक कामी आले होते. २०१८ मध्ये त्या युद्धाच्या समाप्तीस शंभर वर्षे झाली, तेव्हा तितकेच नवे हात घडविण्याचा संकल्प देशभर सोडला गेला आणि ११ नोव्हेंबरला अनेक नवशिक्यांनी दोर हाती घेतला. २०२० च्या मार्चमध्ये महामारीने मनोरे पुन्हा मुके केले, कारण दाटीने उभे राहिल्यावाचून हे वादन होतच नाही.

एक्झिटर कॅथेड्रलची ‘ग्रँडिसन’ ही घंटा साडेतीन टनांहून जड आहे. धातू शतकानुशतके टिकतो. पण दोर धरणारा हात दर पिढीला नव्याने घडवावा लागतो. नवख्याला घंटा सांभाळता येण्यासच काही महिने लागतात, म्हणून शिकविणे हेच मंडळाचे बारमाही कार्य. आपल्याकडेही सांजारतीला घंटा वाजते, तेव्हा ती वाजविणारा चिमुकला हात घरात आहे ना, एवढे प्रत्येकाने पाहावे. नादाची परंपरा त्या हातातच असते.