हिमकणांनी कोंडलेला पहारेकरी

आपल्याकडे भाद्रपद सरत येतो, गौरी-गणपतींची बोळवण होऊन घरोघर पितृपक्ष सुरू होतो, त्या सुमारास पृथ्वीच्या दक्षिण टोकाला दीर्घ रात्रीनंतर सूर्य पुन्हा क्षितिजावर डोकावतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत अंटार्क्टिकावरील ओझोनचे आवरण झपाट्याने विरत जाते. या 'ओझोनच्या छिद्रा'चे नाव आता शाळकरी मुलांच्याही तोंडी असते. शीतकपाटांतून आणि फवाऱ्याच्या डब्यांतून सुटलेल्या वायूंमधील क्लोरीन हा त्यातील अपराधी, हेही सर्वश्रुत आहे. परंतु हे वायू बहुतांशी उत्तर गोलार्धातील देशांनी सोडले आणि पुढे ते जगभर सारखे पसरले. मग भगदाड पडले ते जेथे माणसाची वस्तीच नाही तेथे का? या प्रश्नाचे उत्तर आम्हांस मूळ अपराध्याच्या हकिकतीहूनही अधिक मनोवेधक वाटते. ते दडले आहे अतिशीत मेघांतील हिमकणांत.

हवेचा जवळजवळ चार पंचमांश भाग नत्रवायूचा; पण बर्फ त्याला विचारीतही नाही. त्याच घराण्यातील नायट्रस ऑक्साइड हा वायू जमिनीतून, शेणखतातून आणि आपण पिकांना घालतो त्या युरियातूनही निघतो. तो शंभराहून अधिक वर्षे टिकतो, हळूहळू वर स्थितांबरात पोहोचतो, आणि तेथे त्याच्या काही भागापासून नायट्रोजनची इतर ऑक्साइडे व शेवटी नायट्रिक आम्लाची वाफ बनते. सोनार ज्या आम्लाने सोन्याची पारख करतात, तेच हे आम्ल. या साऱ्या भावंडांत बर्फाची खरी सलगी या आम्लाशी. इतर ऑक्साइडे हिमकणावर फारशी ठरत नाहीत. आम्लाचे रेणू मात्र पृष्ठभागाला घट्ट चिकटतात, आणि कण वाढू लागला की नव्या थराखाली गाडलेही जातात. आपल्या डोक्यावर दिसणाऱ्या, पिंजलेल्या कापसाच्या तंतूंसारख्या उंच मेघांतही हा व्यवहार चालतो. पण तेथे त्याने काही अनर्थ ओढवत नाही.

ध्रुवावर मात्र ओढवतो. तेथे हिवाळ्यात वाऱ्यांचे एक प्रचंड भोवरे बनून आतील हवा बाहेरच्या हवेपासून तोडली जाते, आणि पंधरा-वीस किलोमीटर उंचीवर तापमान उणे ७८ अंश सेल्सिअसच्याही खाली जाते. तेथील हवा इतकी कोरडी की निव्वळ पाण्याचा बर्फ होण्यास उणे ८५ अंशांच्या आसपास जावे लागते; पण नायट्रिक आम्लाचा एक रेणू आणि पाण्याचे तीन रेणू यांचे स्फटिक त्याआधीच बनू शकतात.

याच्या परिणामात एक विचित्र विरोधाभास आहे. नायट्रोजनची ऑक्साइडे ओझोनचा नाश करतात हे पॉल क्रुट्झन यांनी १९७० साली दाखविले होते, आणि वरच्या थरांपुरते ते खरेच आहे. परंतु खालच्या थरात हीच ऑक्साइडे क्लोरीनला मिठी मारून एका निरुपद्रवी संयुगात जखडून ठेवतात. म्हणजे तेथे ती पहारेकरी ठरतात. हिमकण तयार झाले की त्यांच्या पृष्ठावर क्लोरीनची ही जखडलेली संयुगे एकमेकांशी भिडतात. क्लोरीन वायुरूपाने मोकळा होतो आणि नायट्रिक आम्ल बर्फातच राहते. चोर सुटला आणि पहारेकरी कोंडला गेला! मग वसंताचा सूर्य उगवण्याचाच काय तो अवकाश. नायट्रिक आम्लाचे असे मेघ ध्रुवांवर बनत असावेत, असे १९८६ साली फ्रँक आर्नोल्ड यांच्यासह सुचविणारे शास्त्रज्ञ तेच, क्रुट्झन.

त्याआधी एक वर्ष, १९८५ मध्ये, फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी हॅली बे केंद्रावरील नोंदी प्रसिद्ध करून जगाला हादरविले होते: ऑक्टोबरातील ओझोन सुमारे ३०० एककांवरून २०० च्याही खाली आला होता. १९८६ साली सुसान सॉलोमन यांच्या नेतृत्वाखालील तुकडी मॅकमर्डो केंद्रावर गेली. १९८७ साली चिलीतील पुन्ता अरेनासहून 'ईआर-२' विमान त्या भोवऱ्यात शिरले. क्लोरीनच्या ऑक्साइडाचे प्रमाण अतोनात वाढलेले आढळले, तर नायट्रोजनची संयुगे तेथून जणू झाडून नेलेली!

ती गेली कोठे? सूक्ष्म कण इतके हलके की ते हवेतच तरंगत राहतात. जानेवारी २००० मध्ये स्वीडनमधील किरुना येथून उडालेल्या त्याच जातीच्या विमानाला उत्तर ध्रुवाकडे या कोड्याचा महत्त्वाचा दुवा सापडला. १० ते २० मायक्रोमीटर व्यासाचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे पाचव्या हिश्श्याएवढे कण तेथे होते. संख्येने विरळ, पण दिवसाकाठी किलोमीटरभर खाली उतरू शकणारे. ते आम्ल घेऊन निघून गेले की वरची हवा पुढे उबदार झाली तरी पहारेकरी परत येत नाही.

उत्तर ध्रुवावर थंडी एरवी इतकी टिकत नाही. ज्या वर्षी टिकली, त्या २०११ च्या आणि २०२० च्या वसंतात तेथेही ओझोनची मोठी हानी झाली. २०२० मध्ये सुमारे १८ किलोमीटर उंचीवरील थरात तो जवळजवळ उरलाच नाही.

१९८७ च्या माँट्रियल करारामुळे क्लोरीन आता सावकाश ओसरत आहे. जागतिक हवामान संघटनेच्या २०२२ च्या मूल्यमापनानुसार अंटार्क्टिकावरील ओझोन २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल, आर्क्टिकवरील २०४५ च्या सुमारास. मात्र कार्बन डायऑक्साइडमुळे जमिनीलगतची हवा तापत असताना स्थितांबर थंड होत आहे, आणि हिमकणांना हवी असते ती हीच थंडी.