ओटीपी आपल्याच फोनवर आला पाहिजे



गेल्या उन्हाळ्यात आपल्या एका सभासदाचं काम हातचं गेलं. वय सत्तावन्न. तलावाचा ठेका संपला, पाणी आटलं, म्हणून होनग्याच्या औद्योगिक वसाहतीत वॉचमनच्या कामाला विचारायला गेले. काम मिळण्यासारखं होतं. फक्त आधार तपासायचं होतं. ओटीपी गेला सहा वर्षांपूर्वीच्या नंबरावर. ते सिम पुतण्यानं पुण्याला नेलेलं आणि रिचार्ज न करता कधीच बंद पडलेलं. नंबर बदलून येईपर्यंत चार दिवस गेले, तोवर दुसरा माणूस लागला. चाळीस वर्षं रात्रीचं पाणी राखलेल्या माणसाला राखणदारीचं काम मिळालं नाही, ते एका नंबरापायी.

आपल्याकडं पन्नाशीच्या पुढची माणसं म्हणतात, "आता या वयात कॉम्प्युटर कुठं शिकायचा?" कॉम्प्युटर शिकायची गरजच नाही. चार गोष्टी स्वतःच्या हातानं जमल्या की बरंच काम भागतं.

पहिली गोष्ट, नंबर. आधार, बँक आणि सोसायटी, तिन्हीकडं एकच नंबर असावा आणि ते सिम आपल्याच खिशात असावं. बराच काळ रिचार्ज केला नाही की कंपनी नंबर बंद करते आणि पुढं तो दुसऱ्याला देते. आधारमधला नंबर बदलायला कागदपत्र लागत नाही. आधार केंद्रावर स्वतः जायचं, अंगठा द्यायचा, ठरलेली फी भरायची. काही पोस्टांत आणि बँकांतही हे केंद्र असतं.

दुसरी, आवाज. टाइप करता येत नाही म्हणून अडून बसू नका. व्हॉट्सॲपवर माइकचं चिन्ह दाबून धरायचं, बोलायचं, बोट सोडायचं, मेसेज गेला. "आज रोहू तीस किलो, कटला बारा किलो" हे बोलून पाठवता येतं. कीबोर्डवरच्या माइकला मराठी आणि कन्नड दोन्ही कळतं. ऑफिसातून कन्नडमध्ये मेसेज आला तर बाजूला ठेवून देऊ नका, घेऊन या, वाचून दाखवतो.

तिसरी, पैसे. एकच नियम पक्का ठेवा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. "पैसे पाठवतो, पिन टाका" असं कुणी म्हणाला तर तो चोर समजा. ओटीपीही फोनवर कुणाला सांगायचा नाही. काम लावतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्यापासूनही सावध. फसलातच तर लाजून घरात बसू नका, लगेच १९३० ला फोन करा. जेवढा उशीर, तेवढे पैसे लांब जातात. साधा बटणाचा फोन असला तरी २०२२ पासून यूपीआय १२३पे ची सोय आहे.

चौथी, नोंदणी. केंद्र सरकारनं सप्टेंबर २०२४ मध्ये मच्छीमारांसाठी एनएफडीपी हे पोर्टल सुरू केलं. त्यावर नोंद झाली की मासेमारी हा आपला धंदा आहे याची सरकारी डिजिटल ओळख मिळते. ऑगस्ट २०२१ पासून असंघटित कामगारांसाठी ई-श्रम आहे, पण त्याला वयाची अट १६ ते ५९. जे अठ्ठावन्न-एकोणसाठला आलेत त्यांनी हे आधी करावं. साठीनंतर काम शोधणाऱ्यांसाठी केंद्राचं 'सेक्रेड' नावाचं वेगळं पोर्टल आहे, आणि ज्येष्ठांच्या कुठल्याही अडचणीला १४५६७ ही हेल्पलाइन.

आता शिकायचं कसं? सरकारचं ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान २०१७ ला सुरू झालं, २०२४ ला संपलं. वीस तासांचं शिक्षण, वय १४ ते ६०, आणि एका घरातून एकच जण. आपल्या घरातून कोण गेलं? पोरं गेली. म्हाताऱ्यांनी म्हटलं, पोराला येतंय ते बास. पोरगं कामाला बाहेर गेलं की घरात कुणालाच येत नाही, असं झालं.

म्हणून घरातल्या पोरापोरींना आमचं एक सांगणं. आजोबा विचारतात तेव्हा फोन हातातून काढून घेऊन "झालं बघा" म्हणू नका. जाळं विणायला नुसतं बघून कुणी शिकलं आहे काय? सुई हातात घेतली, गाठ चुकली, उसवली, परत घातली, तेव्हा बोटाला कळलं. फोनचंही तसंच की. फोन त्यांच्याच हातात राहू दे. एका दिवशी एकच गोष्ट, तीन वेळा. कागदावर मोठ्या अक्षरात पायऱ्या लिहून द्या, फोनवरची अक्षरंही मोठी करून द्या.

होडीमालकांनाही विनंती. फोन येत नाही म्हणून जुना माणूस कमी करू नका. कुठं खोल, कुठं गाळ, मासा कधी वर येतो, हे त्यालाच ठाऊक. रोजचं वजन त्यालाच आवाजात पाठवायला सांगा, मजुरीही त्याच्याच खात्यात टाका. पंधरा दिवसांत हात बसतो.

वर सांगितलेले सभासद आता आमच्याकडं येऊन बसतात. स्वतःचा नंबर बदलून घेतला, नोंदणी केली आणि दोघांना आवाजी मेसेज शिकवलाही.

तुम्हीही ऑफिसच्या वेळेत या. फोन, आधार आणि बँकेचं पासबुक घेऊन. पोराला पाठवू नका, स्वतः या.

आपला,
सचिव