तोरणमाळचा घाट, सायकल आणि बिनरेंजचा फोन: निघण्याआधी काय तयारी कराल?



यूट्यूबवर मायोर्का बेटाचे सायकलिंगचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. भूमध्य समुद्रातलं हे स्पेनचं बेट. तिथला सा कालोब्रा नावाचा वळणावळणाचा घाट जगभरातल्या सायकलवाल्यांना खुणावतो. साधारण साडेनऊ किलोमीटरमध्ये ६७० मीटरच्या आसपास चढ, म्हणजे सरासरी ७ टक्के.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात समुद्र नाही, पण सातपुडा आहे आणि सातपुड्यात तोरणमाळ आहे. समुद्रसपाटीपासून उंची साधारण ११५० मीटर. वर यशवंत तलाव, सीताखाई, गोरखनाथांचं मंदिर. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत वर जायचं, अंतर ५० ते ५५ किमी. मी हा रस्ता सायकलने करतो आणि नवीन मुलं मला नेहमी एकच विचारतात: "दादा, कोणतं ॲप घेऊ?"

माझं उत्तर असं, की ॲप कोणतंही घ्या, पण ते रेंज गेल्यावर काय करतं हे आधी समजून घ्या. मायोर्काच्या घाटावरून हजारो लोकांनी आपली राइड रेकॉर्ड केलेली असते, त्यामुळे तिथल्या रस्त्याची माहिती इंटरनेटवर भरपूर सापडते. सातपुड्यात तसं नाही. इथे घाटात फोनची रेंजही जाते आणि नकाशावर बरेच पाडेही दिसत नाहीत. म्हणून तयारी घरीच, वायफायवर करायची.

रेंज नाही, मग जीपीएस चालेल का?

चालेल! हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. जीपीएसला ना सिम लागतं, ना डेटा. सुमारे २० हजार किमी उंचीवरून फिरणारे उपग्रह सतत वेळेचे सिग्नल पाठवत असतात. तुमचा फोन ते फक्त ऐकतो. रेडिओ ऐकायला रिचार्ज लागत नाही, तसंच. कमीत कमी चार उपग्रहांचे सिग्नल मिळाले की फोन आपली जागा काढतो.

मग रेंज नसताना लोकेशन सापडायला वेळ का लागतो? कारण कोणता उपग्रह नेमका कुठे आहे, ही माहिती रेंज असताना फोन इंटरनेटवरून झटकन घेतो. रेंज नसेल तर तीच माहिती थेट उपग्रहाकडून घ्यावी लागते, आणि तिथला वेग आहे सेकंदाला फक्त ५० बिट! म्हणून कधी कधी काही मिनिटं जातात. उपाय सोपा आहे: शहाद्यात किंवा म्हसावदला, रेंज असतानाच लोकेशन चालू करून निळा ठिपका नीट बसू द्या.

ऑफलाइन नकाशात काय मिळतं, काय नाही?

जीपीएस तुम्हाला फक्त ठिपका देतं. ठिपक्याखालचा नकाशा डाउनलोड केलेला नसेल तर स्क्रीन कोरीच राहणार.

गूगल मॅप्समध्ये प्रोफाइलच्या फोटोवर टॅप करा, 'ऑफलाइन मॅप' उघडा आणि शहाद्यापासून तोरणमाळपर्यंतचा भाग चौकटीत घेऊन डाउनलोड करा. पण लक्षात ठेवा, ऑफलाइन असताना गूगल फक्त गाडीचा रस्ता सांगतं, सायकलचा किंवा पायी जायचा नाही.

सोबत ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमॅंडसारखं एखादं ॲप ठेवा. ही ॲप ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा वापरतात आणि रेंज नसतानाही सायकलचा मार्ग काढून देतात. कुणी आपल्या राइडची जीपीएक्स फाइल दिली असेल, तर तीही यात उघडते. जीपीएक्स म्हणजे रस्त्यावरच्या बिंदूंची यादी. त्या रेघेवरून जायचं, बस.

'सरासरी चढ' या आकड्याला भुलू नका

चढाचा टक्का काढणं सोपं आहे. १०० मीटर पुढे गेल्यावर ७ मीटर वर आलात, तर चढ ७ टक्के. आता शहादा ते तोरणमाळ बघा. सुमारे ५० किमीत हजार मीटरच्या आसपास चढ, म्हणजे सरासरी २ टक्के. वाटतं, अरे, हे तर किरकोळ! पण सुरुवातीचा मोठा टप्पा तापीच्या खोऱ्यातला जवळजवळ सपाट रस्ता आहे. खरा चढ राणीपूरच्या पुढे घाटात साठलेला आहे. म्हणून ॲपमध्ये सरासरी बघू नका, उंचीचा आलेख बघा. रेघ जिथून उभी व्हायला लागते, तिथे पोहोचेपर्यंत पाय आणि पाणी दोन्ही शिल्लक हवं.

आलेखावरही डोळे झाकून विश्वास नको. बऱ्याच ॲपमधली उंची ही फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने ११ दिवसांत रडारने केलेल्या मोजणीवरून येते. त्यात जमिनीचे साधारण ३० मीटरचे चौकोन पाडलेले आहेत. सपाट शेतात हे पुरेसं आहे. घाटात मात्र रस्त्याच्या एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. नकाशातली रेघ जराशी सरकली, की ॲपला वाटतं रस्ता मध्येच खाली गेला आणि परत वर आला. त्यामुळे दोन ॲप एकाच घाटाचा चढ वेगवेगळा दाखवतात. मोठा आकडा खरा धरून तयारी करा, म्हणजे फसगत होत नाही.

बॅटरी आणि मदत

रेंज नसते तेव्हा फोन टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी भराभर उतरते. घाटात एअरप्लेन मोड लावा. आजच्या बहुतेक फोनमध्ये त्यातही जीपीएस चालू राहतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन डेटावर चालतं. रेंज गेली की घरच्यांना तुमचा जुनाच ठिपका दिसत राहतो. तुम्ही पडला असाल तरी त्यांना ते कळणार नाही. म्हणून निघताना घरी साध्या शब्दांत सांगून ठेवा: राणीपूरहून फोन करेन, वर पोहोचल्यावर करेन, अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर तमक्याला कळवा. हा मेसेज कुठल्याही ॲपपेक्षा भारी आहे.

अपघात झालाच, तर आधी एअरप्लेन मोड बंद करा आणि ११२ लावा. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर मिळत असेल, तर हा कॉल लागू शकतो. कोणाचाच टॉवर नसेल, तर मात्र ११२ सुद्धा लागणार नाही. अशा जागी एकट्याने उतारावर जोर करू नका. ब्रेक घरीच तपासा आणि जोडीला कुणीतरी घ्या.

आणि परत आल्यावर?

एक काम नक्की करा. ओपनस्ट्रीटमॅपवर मोफत खातं उघडा आणि वाटेत स्वतः पाहिलेला हातपंप, सायकलचं पंक्चर काढणारं दुकान, पाड्याचं नाव नकाशावर टाका. नावं मराठीतही टाकता येतात. पाड्याचं नाव तिथले लोक जसं घेतात तसंच लिहा, त्यांना विचारून. मायोर्काचा नकाशा तिथे जाणाऱ्यांनीच भरला. आपल्या सातपुड्याचा आपल्यालाच भरावा लागेल, म्हणजे तुमच्यानंतर घाट चढणाऱ्याला पाणी कुठे मिळेल हे फोनवरच कळेल, रेंज असो वा नसो.