शेवाळापासून माशाच्या मेंदूपर्यंत

साधारण 1 ते 100 नॅनोमीटर आकाराच्या कणांना नॅनोकण म्हणतात. सनस्क्रीनमधला टायटॅनियम डायऑक्साइड, दुर्गंधी रोखणाऱ्या मोज्यांतली चांदी, झिजलेल्या प्लॅस्टिकचा भुगा असे कण सांडपाण्यावाटे नदी-समुद्रात पोचतात. खाऱ्या पाण्यात ते एकमेकांना चिकटून लवकर तळाशी बसतात. गोड्या पाण्यात बराच काळ तरंगू शकतात.

अन्नसाखळीत शिरण्याची एक वाट शेवाळाची. कण पेशींना चिकटतात. डॅफ्निया हा जेमतेम काही मिलिमीटरचा जीव पाणी गाळून शेवाळ खातो. बारीक कण वेगळे काढणे त्याला जमत नाही. त्याचे शरीर पारदर्शक, त्यामुळे कणांनी गच्च भरलेले आतडे सूक्ष्मदर्शकाखाली काळसर पट्ट्यासारखे दिसते. नंतर स्वच्छ पाणी आणि ताजे शेवाळ मिळाले की बरेचसे कण विष्ठेवाटे बाहेर पडतात, सगळे नव्हे.

स्वीडनच्या लुंड विद्यापीठातील संशोधकांनी शेवाळ, डॅफ्निया आणि मासा अशी साखळी प्रयोगशाळेत रचून पॉलिस्टायरीनचे नॅनोकण माशापर्यंत पोचवले. ते मासे सावकाश खाऊ लागले, त्यांच्या चरबीच्या चयापचयात फरक पडला. 2017 सालच्या शोधनिबंधात तर मेंदूतही कण आढळल्याची नोंद आहे.

तरीही पाऱ्याशी तुलना उतावीळपणाची ठरेल. पाऱ्याचे प्रमाण साखळीच्या प्रत्येक पायरीवर वाढत जाते. टायटॅनियम डायऑक्साइड मात्र डॅफ्नियातून झेब्रा माशात गेला, पण वाढला नाही. शिवाय प्रयोगांतली मात्रा नैसर्गिक पाण्यातल्यापेक्षा बहुधा कितीतरी जास्त असते, हे असे निष्कर्ष वाचताना ध्यानात ठेवावे.