गाऱ्हाणे आणि मागणी

सार्वजनिक गाऱ्हाण्यांचे कागद आपल्याकडे काही कमी लिहिले जात नाहीत. पण पुष्कळ कागदांत संताप भरपूर असतो आणि मागणी शोधूनही सापडत नाही. असा कागद साहेब वाचतो, शेरा मारतो आणि पुढे सरकवतो. लेखणी उचलण्यापूर्वी जो विचार व्हावयास हवा तो न झाल्याचे हे फळ होय.

आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. अर्ज लिहिण्याची विद्या आम्ही जुन्या अर्जांवरूनच शिकलो. साताऱ्याकडची, कोकणातली माणसे मुंबईच्या गिरण्यांत राबत होती, त्या काळचाच एक अर्ज पाहू. १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या आणि फॅक्टरी कमिशनसाठी अर्ज तयार केला. त्यावर सुमारे ५,५०० सह्या झाल्या. मागण्या पाचच: रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागील महिन्याचा पगार १५ तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार, कायमचा पंगू झाल्यास पोटाची सोय.

बहुतेक मागण्यांना वार, तास किंवा तारीख आहे. उत्तर देणाऱ्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणावेच लागते. तरीही रविवार मिळायला १० जून १८९० उजाडला. त्याआधी एप्रिलात सुमारे दहा हजार कामगार सभेला जमले होते. कागदामागे माणसे उभी असावी लागतात, ती अशी.

आता आपल्या दारचा प्रश्न घेऊ. शेरी नाल्याचे सांडपाणी कृष्णेत मिसळते, हे सांगलीकरांचे जुने गाऱ्हाणे. पहिला विचार, पत्र कोणाला? सांडपाण्याची व्यवस्था महापालिकेची, प्रदूषणावर देखरेख प्रदूषण नियंत्रण मंडळाची. म्हणून पत्रे दोन. वाई-कऱ्हाडच्या सांडपाण्याबद्दल मात्र तेथील नगरपालिकेलाच विचारले पाहिजे. सांगलीचा अधिकारी त्यात काय करणार?

दुसरा विचार पुराव्याचा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने साधारणपणे ३० दिवसांत माहिती मिळावयास हवी. ती आधी मागवावी, पत्र मागाहून लिहावे.

तिसरा विचार मागणीचा. ‘नदी स्वच्छ करा’ याला कोणीही ‘प्रयत्न चालू आहेत’ असे उत्तर देईल. त्याऐवजी लिहावे: ‘प्रक्रियेविना किती सांडपाणी नदीत जाते, तो आकडा दरमहा ५ तारखेस जाहीर करा, आणि ते कोणत्या तारखेपर्यंत बंद होईल, हे लेखी कळवा.’ पैसा नाही, ही सबब पुढे येणारच; तिचे उत्तर पत्रातच देऊन ठेवावे.

शेवटी, सही घेण्यापूर्वी पत्र मोठ्याने वाचून दाखवावे. सही करणाऱ्याला मागणी तोंडपाठ सांगता आली नाही, तर पत्र पुन्हा लिहावे.