काचेच्या अंगावरील खुणा

सोलापुरातील एखाद्या जुन्या घराचे फडताळ आवरावयास काढले, म्हणजे तांब्यापितळेच्या भांड्यांमागे काचेची नक्षीदार बशी, झाकण हरवलेले साखरेचे भांडे किंवा जाड काचेची फुलदाणी हाताला लागते. १८७७ मध्ये या शहरात पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि गावाची भरभराट होऊ लागली. त्या दिवसांत अशा वस्तू दिवाणखान्यात मानाने मांडल्या जात. आज घरच्या मंडळींना त्यांची अडगळ वाटते. भंगारवाला त्या वजनावर नेतो, त्यांचा चुरा भट्टीत जातो आणि त्यातून नवी बाटली तयार होते. काच वाया जात नाही हे खरे; परंतु ती बशी मात्र जगातून कायमची नाहीशी होते. म्हणून काही हौशी माणसे अशी काच जमवितात. या छंदाला पैशापेक्षा पारखी नजर अधिक लागते.

ही काच तोंडाने फुंकून केलेली नसते. वितळलेल्या काचेचा गोळा लोखंडी साच्यात टाकावयाचा, कात्रीने तो तोडावयाचा आणि वरून दट्ट्या दाबावयाचा, अशी तिची रीत आहे. १८२० नंतरच्या दशकात अमेरिकेत या कामासाठी यंत्र वापरात आले आणि पैलू पाडलेल्या महागड्या काचेसारखी दिसणारी भांडी सामान्य माणसाच्या घरी येऊ लागली. ती ओळखण्याची युक्ती सोपी आहे. भांड्याच्या आतून बोट फिरवावे. गोटी सोड्याची बाटली साच्यात फुंकलेली असते. तिच्या मानेला बाहेरून जो खोलगा दिसतो, तोच आत उंचवटा होतो. दाबलेल्या काचेचे तसे नाही. बाहेर कितीही नक्षी असो, आतली बाजू दट्ट्यासारखी गुळगुळीत असते. शिवाय हाताने पाडलेल्या पैलूची कड बोटाला धारदार लागते, तर साच्यातील नक्षीची कड किंचित बोथट असते.

आता परीक्षेचा खरा प्रश्न येतो. भांड्याच्या अंगावर दिसणारी प्रत्येक खूण हा दोष नव्हे. साच्याचे भाग जेथे जुळतात तेथे उभी बारीक रेघ उठते. काचेचा गोळा कात्रीने तोडला, की त्या जागी बारीक सुरकुती राहते. ती पाहून नवखा माणूस तडा समजतो आणि चांगली वस्तू परत ठेवतो. साचा पुरेसा तापलेला नसला, तर पृष्ठभागावर लाटांसारख्या वळ्या पडतात. आत एखादा बुडबुडा अडकलेला असतो. या सर्व जन्मखुणा होत. वस्तू कशी घडली, हे त्याच सांगतात.

जखमा निराळ्या. त्यांपैकी तडा सर्वांत वाईट, कारण काचेचा तडा सांधत नाही आणि पुढे वाढू शकतो. भांडे उजेडात हळूहळू फिरविले असता तडा एका कोनातून आरशासारखा चमकतो. कात्रीची सुरकुती तशी चमकत नाही. मडके घेताना ते वाजवून घेण्याची आपली जुनी पद्धत आहे. पण जाड दाबलेली काच शाबूत असूनही बद्द वाजू शकते, आणि तडा असेल तर टिचकीने तो वाढावयाचा! तेव्हा येथे कानापेक्षा डोळ्यावर आणि बोटावर भिस्त ठेवावी.

काठाचा टवका उडाला असेल, तर तो बोटाला लगेच कळतो. लबाडी होते ती त्यानंतर. काही विक्रेते तो काठ घासून सपाट करतात आणि भांडे निर्दोष म्हणून विकतात. काठाला पाकळ्या असतील, तर त्या एकामागून एक पाहाव्यात. एखादी पाकळी शेजारणीपेक्षा आखूड असेल, किंवा साच्याच्या मऊ गोलाईऐवजी तिला सपाट, धारदार कड असेल, तर तेथे सहाण चालली आहे असे समजावे. उघड टवक्याचे भांडे या घासलेल्या भांड्यापेक्षा केव्हाही चांगले. ते निदान खोटे बोलत नाही.

धुरकट काचेचेही दोन प्रकार आहेत. कठीण पाण्याचा क्षार साचला असेल, तर तो लिंबाच्या रसाने निघतो. परंतु वर्षानुवर्षे ओल लागून काचेचा पृष्ठभागच झिजला असेल, तर कोणताही रस उपयोगी पडत नाही. असे भांडे ओले असेपर्यंत किंवा त्याला तेल चोळलेले असेपर्यंत स्वच्छ दिसते आणि वाळले की पुन्हा धुरकटते. म्हणून विकत घेताना ते कोरडे पुसूनच पाहावे.

वय ठरविण्याचे काम अधिक अवघड आहे. इंग्लंडमधील गेट्सहेड येथील सॉवरबी कारखान्याने १८७६ मध्ये मोराच्या डोक्याची खूण नोंदविली. १८४२ ते १८८३ या काळात नोंदलेल्या इंग्रजी नमुन्यांवर चौकट उभी तिरपी केल्यासारखे चिन्ह असे. तथापि त्यावरून नमुन्याचे वय कळते, त्या वस्तूचे नव्हे. कारण तोच साचा पुढे कित्येक वर्षे चालू शकतो. फिरोजाबादच्या जैन कारखान्याच्या काही रंगीत फुलदाण्यांच्या तळाशी त्याचे नाव इंग्रजी अक्षरांत उठविलेले आढळते. पुष्कळशा देशी काचेवर मात्र काहीच खूण नसते.

आणि येथेच मोह होतो. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा अशी कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी तिला पाठिंबा दिला, आणि त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव येथे काच कारखाना उभा राहिला. जपान व अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे काम पाहत. १९१६ मध्ये ओगले बंधूंचा कारखानाही सुरू झाला. आपल्या घरची बिनखुणेची बशी तळेगावची असावी, असे कोणालाही वाटेल. परंतु पुरावा नसताना तसे लिहून ठेवले, तर पुढच्या पिढीला तेच खरे वाटू लागते. चिठ्ठीवर एवढेच लिहावे: ‘काच साधी, साच्याच्या तीन रेघा, काठाला एक टवका, अमुक घरातून अमुक साली मिळाली.’ पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, फण्या अशा घरगुती वस्तू आयुष्यभर जमविल्या आणि १९७५ मध्ये तो संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. अशा वस्तूंबरोबर त्यांची हकीकत टिकली, तरच त्यांचा इतिहास कळतो.

सोलापुरात काच जपणाऱ्याने उन्हाळ्याची विशेष काळजी घ्यावी. उन्हात तापलेल्या भांड्यावर माठातले पाणी पडले, की ते तडकलेच म्हणून समजावे. भांडी एकात एक घालून ठेवू नयेत. जुन्या सोलापुरी चादरीचे तुकडे करून प्रत्येक भांडे वेगळे गुंडाळावे आणि चिठ्ठी भांड्याला न चिकटवता त्याच गुंडाळीत ठेवावी.