रुपया–पौंड विनिमय दर

रुपया–पौंड विनिमय दर : भारतीय रुपया आणि ब्रिटिश पौंड स्टर्लिंग यांच्या परस्परमूल्याचे प्रमाण. स्वातंत्र्यपूर्व काळात हा दर एका रुपयास किती शिलिंग-पेन्स असा सांगत (१ पौंड = २० शिलिंग; १ शिलिंग = १२ पेन्स). त्यामुळे ‘दर चढला’ म्हणजे रुपया महाग झाला, हे जुने अहवाल वाचताना ध्यानी ठेवावे लागते. हा दर लंडनच्या सोयीने ठरावा की भारतीय उत्पादकाच्या, हा प्रश्न अर्धशतकाहून अधिक काळ वादाचा विषय होता.

१८३५ च्या कायद्याने ब्रिटिश अंमलाखालील प्रदेशात १८० ग्रेन वजनाचा व १६५ ग्रेन शुद्ध चांदीचा रुपया प्रचारात आला. इंग्लंडचे चलन सोन्यावर आधारलेले असल्याने विनिमय दर वस्तुतः चांदीचा सोन्यातील भाव होता. १८७० पर्यंत तो रुपयास सु. २ शिलिंग राहिला. पुढे जर्मनीने सुवर्ण परिमाण स्वीकारले, इतर यूरोपीय देशांनीही चांदीची मुक्त टांकणी बंद केली आणि चांदीचे उत्पादन मात्र वाढत गेले. परिणामी १८७१-७२ मध्ये सु. १ शि. ११ पे. असलेला सरासरी दर १८९२-९३ मध्ये १ शि. ३ पेन्सांच्या किंचित खाली आला.

या घसरणीची झळ प्रथम सरकारला लागली. कर्जावरील व्याज, निवृत्तिवेतने, लष्करी खर्च इत्यादींपोटी दरवर्षी इंग्लंडमध्ये मोठ्या रकमा पौंडांत द्याव्या लागत. या ‘होम चार्जेस’साठी भारतमंत्री लंडनमध्ये कौन्सिल हुंड्या विकी व त्यांचे रुपये भारतातील तिजोरीतून चुकते केले जात. दर २ शिलिंग असता दहा लक्ष पौंडांसाठी एक कोटी रुपये पुरत, १ शि. ४ पे. असता दीड कोटी लागत. वाढीव रक्कम अर्थातच करदात्याकडून येई. हर्शेल समितीच्या शिफारशीवरून २६ जून १८९३ रोजी मुंबई व कलकत्ता येथील टाकसाळी खाजगी चांदीसाठी बंद करण्यात आल्या. रुपयाची टंचाई निर्माण होऊन त्याचे मूल्य त्यातील चांदीहून अधिक झाले आणि दर १८९८ मध्ये १ शि. ४ पेन्सांवर पोहोचला. फाउलर समितीच्या अहवालानंतर १८९९ मध्ये १ पौंड = १५ रुपये हे प्रमाण कायद्याने मान्य झाले. सुवर्ण परिमाणाचे उद्दिष्ट मात्र बाजूला पडून व्यवहारात सुवर्ण विनिमय परिमाण रूढ झाले.

पहिल्या महायुद्धात चांदी कडाडली. तिचा भाव औंसास ४३ पेन्सांच्या वर गेला, की १ शि. ४ पे. दराने रुपया वितळविणे फायद्याचे ठरे. म्हणून १९१७ पासून दर वाढवीत नेण्यात आला व १९१९ अखेर तो २ शि. ४ पेन्सांवर गेला. बॅबिंग्टन स्मिथ समितीने सोन्याशी २ शिलिंग दर सुचविला. समितीचे मुंबईचे सदस्य दादिबा मेरवानजी दलाल यांनी भिन्नमत नोंदवून १ शि. ४ पेन्सांचा आग्रह धरला. समितीचा अंदाज काही महिन्यांतच कोसळला. निर्यात मंदावली, पौंडांना मागणी वाढली. दर टिकविण्यासाठी सरकारने १९२० मध्ये सु. साडेपाच कोटी पौंडांच्या उलट हुंड्या विकल्या आणि पंधरा रुपयांनी जमविलेले पौंड कितीतरी कमी रुपयांना देऊन टाकले. तरीही १९२१ च्या आरंभी दर १ शि. ४ पेन्सांच्याही खाली होता. भारतीय चलनव्यवस्थेच्या इतिहासात इतका महागडा व निष्फळ प्रयोग क्वचितच झाला असेल.

हिल्टन यंग आयोगाने (१९२६) १ शि. ६ पे. दर सुचविला, सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्नमतपत्रिकेत १ शि. ४ पेन्सांचा पुरस्कार केला. दोन पेन्सांच्या या फरकाचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट होईल. लिव्हरपूलला दहा पौंडांना विकल्या जाणाऱ्या कापसाचे जुन्या दराने १५० रुपये होत, तर नव्या दराने १३३ रु. ५ आ. ४ पै; शेतसारा व सावकाराचे देणे मात्र रुपयांतच आणि तितकेच राही. आयात कापड स्वस्त झाल्याने मुंबईचे गिरणीमालकही अस्वस्थ होते. तथापि सर्वच भारतीयांचे मत एक नव्हते. प्रॉब्लेम ऑफ द रुपी (१९२३) या ग्रंथाचे कर्ते डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांनी आयोगापुढील साक्षीत दोन्ही दरांच्या दरम्यानचा, पण १ शि. ६ पेन्सांना जवळचा दर योग्य मानला. रुपया स्वस्त झाल्यास किंमती वाढून व्यापारी वर्गाचा लाभ होईल, पण त्याची किंमत मजुरीवर जगणाऱ्यांना मोजावी लागेल, असे त्यांचे प्रतिपादन होते. या प्रश्नाची ही बाजू राष्ट्रीय वादात बहुधा दुर्लक्षित राहिली. १९२७ च्या कायद्याने १ शि. ६ पे. (१ पौंड = १३.३३ रु.) हाच दर कायम झाला. दर १ शि. ४ पेन्सांवर आणण्याची मागणी महात्मा गांधींच्या १९३० च्या अकरा कलमांतही होती.

एवढ्या वादानंतर ठरलेला हा दर सु. ३९ वर्षे टिकला. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्ण परिमाण सोडले, तेव्हा रुपया त्याच दराने पौंडाशी जखडण्यात आला. सोन्याचा रुपयांतील भाव चढून, मंदीने गांजलेल्या ग्रामीण भागातून साठविलेले सोने मोठ्या प्रमाणावर परदेशी गेले. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या रिझर्व्ह बँकेवर हा दर राखण्याचे कायदेशीर बंधन होते. दुसऱ्या महायुद्धात साचलेला पौंड-पावना याच दराने मोजला गेला. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचे ३०.५ टक्के अवमूल्यन झाले, तेव्हा भारतानेही रुपयाचे तितकेच अवमूल्यन केले, डॉलर ३.३० रुपयांवरून ४.७६ रुपयांवर गेला, पौंड मात्र होता तेथेच राहिला.

६ जून १९६६ च्या अवमूल्यनाने पौंड २१ रुपयांचा झाला. नोव्हेंबर १९६७ मध्ये ब्रिटनने पौंडाचे अवमूल्यन केले, तेव्हा भारताने प्रथमच त्याचे अनुकरण टाळले. पौंड १८ रुपयांवर उतरला. डिसेंबर १९७१ मध्ये रुपया पुन्हा पौंडाशी जोडण्यात आला, परंतु जून १९७२ पासून पौंडच तरता झाल्याने त्याच्या घसरणीबरोबर रुपयाही इतर चलनांच्या तुलनेत घसरू लागला. म्हणून २५ सप्टेंबर १९७५ रोजी हा दुवा तोडून रुपयाचे मूल्य निवडक चलनांच्या समूहाशी निगडित करण्यात आले. मार्च १९९३ पासून विनिमय दर बाजारातील मागणी-पुरवठ्यावर ठरू लागला आणि रुपयाचा पौंडातील भाव डॉलरच्या भावावरून काढला जाऊ लागला.